तळपायांची आग आणि मिरचीची पट्टी

एचआयव्हीच्या गोळ्या ‘उष्ण’ पडतात आणि म्हणून तळपायांची आग होते, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. मग कोणी सब्जा-गुलकंद सुरू करतं, कोणी काशाच्या वाटीने तळव्यांना तूप चोळतं, आणि कोणी गोळ्याच बंद करतं. वाटीने काही बिघडत नाही. गोळ्या बंद करणं मात्र जिवावर बेततं, कारण विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. ही आग येते कुठून आणि तिच्यावरची औषधं तपासतात कशी, हे म्हणूनच नीट समजून घ्यायला हवं.

अंगठ्याच्या टोकाची संवेदना वाहून नेणारी चेतापेशी असते कण्याजवळ, आणि तिचा धागा पायापर्यंत जवळजवळ मीटरभर लांब असतो. कालव्याचं पाणी कमी पडलं की आधी शेपटाकडची शेतं वाळतात. पेशीला ऊर्जा कमी पडली की आधी धाग्याचं टोक मरतं. म्हणून हा त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकतो. रात्री पायांवर साधी चादरही सहन होत नाही. विषाणूच्या आवरणातलं प्रथिन आणि त्यामुळे होणारा दाह हे याचं एक कारण. दुसरं कारण जुन्या औषधांत होतं. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांवर मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा स्टॅव्ह्युडीन हे त्यातलं एक मुख्य औषध होतं. स्वस्त होतं, त्याने असंख्य जीव वाचवले. पण विषाणूची नक्कल रोखताना ते आपल्या मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा, डीएनए बनवणाऱ्या विकरालाही अडवायचं, आणि ऊर्जेचा पुरवठाच आटायचा. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. आजच्या गोळ्यांत हा दोष नाही, पण तेव्हा दुखावलेल्या नसा अनेकांना अजून छळतात.

आता मला सर्वांत मोहवणारा भाग. त्वचेतल्या वेदनेच्या बारीक धाग्यांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. हे पेशीच्या भिंतीतलं दारच. तापमान ४३ अंशांच्या आसपास गेलं की ते उघडतं, कॅल्शियम आणि सोडियम आत घुसतात आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा संदेश जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं हेच दार उघडतं, म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखं वाटतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे प्रथिन कॅप्सेसिनच्याच मदतीने शोधलं. २०२१च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे. दुखावलेल्या नसांमध्ये असे संदेश काही कारण नसताना सुटत राहतात. पाय हाताला गार लागतो, तरी आतून पेटलेला असतो. गोळीची उष्णता इथे कुठेच नाही.

कॅप्सेसिन भरपूर दिलं तर मात्र उलटंच घडतं. दार उघडंच राहतं, कॅल्शियमचा लोंढा आत येतो, टोकातले मायटोकाँड्रिया बंद पडतात, धाग्याला आकार देणारा सांगाडा कोसळतो आणि ते टोक त्वचेतून मागे हटतं. मूळ पेशी कण्याजवळ सुखरूप असते, त्यामुळे काही महिन्यांत टोक पुन्हा वाढतं. तेवढे दिवस संदेश पाठवणारंच कोणी जागेवर नसतं. ज्या मायटोकाँड्रियाच्या बिघाडाने दुखणं सुरू झालं, त्यांनाच टोकाशी थोडा काळ बंद पाडून ते शांत करायचं, ही कल्पना मला फार देखणी वाटते.

याच तत्त्वावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी बनली. दुखणारी जागा पेनाने आखतात, भूल देणारं मलम लावतात, मग पट्टी चिकटवतात. लावणाऱ्या नर्सला नायट्राइलचे हातमोजे घालावे लागतात, साध्या लॅटेक्सवर भरवसा ठेवता येत नाही. घरी मिरची वाटून लेप लावायचा विचारही करू नये. त्यात कॅप्सेसिन किती हे कळत नाही, त्वचा भाजते आणि बोट डोळ्यात गेलं तर हाल होतात.

पण पट्टीने गुण येतो, हे सिद्ध कसं करायचं? वेदना रक्तात मोजता येत नाही. रुग्ण रोज शून्य ते दहामध्ये आकडा लिहितो, तोच पुरावा. तुलनेसाठी बिनऔषधाची पट्टी दिली तर आग झाली नाही म्हणजे आपल्याला खोटी मिळाली, हे तो लगेच ओळखणार. म्हणून तुलनेच्या पट्टीतही ०.०४ टक्के कॅप्सेसिन घातलं: थोडं चुरचुरेल, पण धागे मागे हटणार नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीत गांजा ओढल्याने वेदना उतरलेली दिसली, पण ज्याला नशा चढते त्याला आपण कुठल्या गटात आहोत हे कळतंच. मिरचीच्या चाचणीने ही फट बरीचशी बुजवली.

२००८च्या चाचणीत ३०७ रुग्ण होते. पट्टीने वेदना २२.८ टक्के उतरली, तुलनेच्या गटात १०.७ टक्के. सगळे हरखले. मग ४९४ रुग्णांची दुसरी चाचणी झाली, त्यात पट्टीचा आकडा वाढून २९.५ झाला, पण तुलनेचाही २४.५वर गेला. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. २०१२ साली अमेरिकेत या दुखण्यासाठी परवानगी मिळाली नाही.

खोट्या औषधाने दुखणं खरंच उतरतं. १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगात असा दिलासा नॅलोक्सोनने, म्हणजे अफूचा परिणाम पुसणाऱ्या औषधाने, कमी झालेला दिसला. शरीर स्वतःचं वेदनाशामक सोडत होतं. शिवाय माणूस चाचणीत येतो तो दुखणं अगदी असह्य झालं असताना. पुढे ते आपोआपही थोडं उतरतं. ‘नसांना ताकद’ देणाऱ्या तेलांच्या जाहिरातींमधले आनंदी चेहरे याच दोन कारणांवर जगतात. त्यांना तुलनेचा गट कधीच नसतो.

या कसोटीवर नावाजलेली औषधंही पडली. अमिट्रिप्टिलीन १९९८च्या दोन अमेरिकी चाचण्यांत आणि पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीत खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही. प्रीगाबालिनचं तेच झालं. ३०२ रुग्णांत फरक दिसला नाही, आणि नंतरची ३७७ रुग्णांची चाचणी आशा नाही म्हणून मध्येच थांबवली. तरीही ही औषधं आज सर्रास लिहून दिली जातात, कारण मधुमेहाच्या नसदुखीत त्यांचा गुण दिसला आहे. मला हे मान्य होत नाही. दोन्ही आजारांत पाय सारखेच जळत असले, तरी आतला बिघाड एकच आहे असं गृहीत का धरायचं? प्रीगाबालिनच्या पहिल्या चाचणीत टाचणी टोचल्यावर नेहमीपेक्षा फार जास्त दुखणाऱ्या रुग्णांना फायदा झालेला दिसला होता. असे गट आधीच पाडून केलेल्या मोठ्या चाचण्या हव्या आहेत.

तोवर तळपाय जळत असतील तर डॉक्टरांकडे काही गोष्टी आवर्जून तपासून घ्याव्या. क्षयरोगाची आयसोनियाझिड चालू असेल तर सोबत बी-६ जीवनसत्त्व मिळतंय का, रक्तातली साखर किती, बी-१२ कमी आहे का, दारू किती. या कारणांवर उपाय आहेत, आणि ते करताना एचआयव्हीच्या गोळीचा एकही डोस चुकवायची गरज नाही.