पीटीओ टाकताना ट्रॅक्टर हिसका का देतो?

कारखान्याला ऊस गेला की बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या खोडव्याच्या रानात पाचट (उसाचा वाळला पाला) बारीक करणारी कुट्टीची मशिनं फिरू लागतात. खानापूरकडं पावसाळा सरला की बांधाकडेचं, बागेतलं गवत कापायला स्लॅशर लागतो. मशिन कुठलंही असो, तक्रार एकच: पीटीओ, म्हणजे इंजिनच्या ताकदीवर मशिन फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, टाकला (चालू केला) की मागं 'खाड्‌' असा आवाज येतो, ट्रॅक्टर हिसका देतो, कधी इंजिनच बसतं. निदानही ठरलेलं असतं, "क्लचप्लेट गेली." प्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधोमध सोडवायचा, ऐन हंगामात मशिन उभं, भाडं बुडालेलं. माझं मत असं, की आधी मागून पुढं तपासत यावं. दोष पुष्कळदा पीटीओ आणि मशिन जोडणाऱ्या शाफ्टमध्येच सापडतो, आणि तो पान्यानं नि ग्रीसगननं निघतो.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. या वेगाशी थांबलेलं मशिन जोडायचं असतं, आणि कुट्टी मशिनमध्ये हातोडे लावलेला लोखंडी दांडा भलताच जड असतो. त्यात पट्ट्यांमुळं त्याचा वेग आणखी वाढवलेला. तो शाफ्टच्या चौपट वेगानं फिरत असेल, तर त्याचं जडत्व पीटीओला सोळापट जाणवतं, कारण इथं वेगाच्या गुणोत्तराचा वर्ग लागतो. म्हणून जो ट्रॅक्टर फवारणीचा पंप निमूट चालवतो, तोच कुट्टी मशिनला उसळतो.

यातलं गणित ड्रायव्हरच्या कामाचं आहे. इंजिनचा वेग कायम धरला, तर थांबलेल्या दांड्याला पूर्ण वेग देताना जेवढी ऊर्जा दांड्यात जाते, तेवढीच क्लचच्या घासण्यात उष्णता होऊन जाते. पेडल झटकन सोडा नाहीतर सावकाश, ही उष्णता तेवढीच राहते. बदलतो तो टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर: अर्ध्या सेकंदाऐवजी दोन सेकंदांत वेग दिला तर तो पावपट होतो, आणि हिसका म्हणजे तोच. मग उष्णता कमी कशी करायची? आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, कमी ठेवून. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, त्यामुळं निम्म्या आरपीएमवर पीटीओ टाकला तर क्लच पावपटच तापतो. इंजिन हजाराच्या आसपास ठेवायचं, पेडल अलगद सोडायचं, मशिन फिरू लागलं की मग हाताच्या थ्रॉटलनं वाढवत न्यायचं. मात्र मशिन पाचटात रुतलेलं असताना हा सावकाशपणा महागात पडतो, कारण प्लेट घासत राहते आणि दांडा काही हलत नाही. टाकायचा तो मोकळ्या जागेत.

मोकळ्या जागेत म्हणून बरेच जण लिफ्ट पूर्ण वर घेतात आणि तसाच पीटीओ टाकतात. इथं दुसरं दुखणं सुरू होतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जो क्रॉस (अधिक चिन्हासारखा सांधा) असतो, तो वाकलेल्या कोनात फिरताना एकसारखा वेग देत नाही. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकनं या सांध्याचा अभ्यास केला होता, हूकचं नाव आजही या सांध्याला आहे. कोन १० अंश असेल तर ५४०चे ५३२ ते ५४८ होतात. कोणाला कळतही नाही. कोन ३० अंश झाला की तोच वेग ४६८ ते ६२४ असा हेलकावतो, आणि तोही प्रत्येक फेऱ्यात दोनदा, म्हणजे सेकंदाला १८ वेळा. बांध ओलांडताना मशिन उचललं की जी घरघर सुरू होते, ती हीच.

दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा हेलकावा उलटा करून मिटवतो, पण दोन अटींवर. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. ग्रीस करायला शाफ्ट ओढून दोन भाग सुटे केले आणि परत घालताना एक खाच इकडंतिकडं झाली, की हेलकावे मिटायच्या जागी शिल्लक राहतात. काही शाफ्टची नळी अशा आकाराची असते की चुकीची बसतच नाही, पण खाचांच्या शाफ्टवर आधी खडूनं रेघ मारून ठेवावी. तिसरा प्रश्न टॉप लिंकचा, म्हणजे मशिनला वरून ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या दांडीचा: तिची लांबी जमली नाही तर मशिनचा गिअरबॉक्स ट्रॅक्टरच्या दांड्याला समांतर राहत नाही, कोन असमान होतात.

तपासताना इंजिन बंद, चावी खिशात, हातोडे पूर्ण थांबलेले. शाफ्ट हातानं मागंपुढं फिरवून बघा. मोकळा 'खट' वाजला तर क्रॉसचे बेअरिंग किंवा टोकाच्या खाचा झिजल्यात. टाकताना एकदाच 'खाड्‌' होऊन पुढं सगळं गुळगुळीत चालतं, ते बहुधा यामुळंच. सुरू असताना सतत थरथर असेल आणि लिफ्टच्या उंचीनं ती बदलत नसेल, तर हातोडे मोजा. एक तुटून पडला असेल तर तोल जातो.

शाफ्टवर घर्षणाचा स्लिप क्लच (जास्त ताण आला की घसरून शाफ्ट वाचवणारा) असेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर तो हमखास संशयित. चार-पाच महिने उभ्या मशिनमध्ये त्याच्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. मग जो धक्का घसरून जिरायचा, तो सरळ गिअरबॉक्सवर जातो. स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवायची, नट थोडे सैल करायचे, दोन्ही बाजूंवर मिळून खडूची एक रेघ मारायची आणि क्षणभर पीटीओ टाकून थांबवायचं. रेघ तुटली तर चकत्या सुटल्या. स्प्रिंग परत मोजलेल्या लांबीवर आणायची.

इतकं करूनही धक्का राहिला, तर मग ट्रॅक्टरकडं वळा. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरला पेडल अर्धं दाबलं की गाडीचा गिअर सुटतो, तळापर्यंत दाबलं तरच पीटीओ. पेडलचा मोकळा खेळ वाढला असेल तर पीटीओ पूर्ण सुटत नाही आणि खटका टाकताना दात खरखरतात; ही पेडलच्या दांडीची जुळणी आहे, प्लेट नव्हे. पण पेडल सोडताना शाफ्ट थरथरत वेग घेत असेल, जळका वास येत असेल, तर प्लेटवर तेल आलंय किंवा ती घासून काचेसारखी झालीय. तेव्हा मिस्त्रीला बोलवा, ट्रॅक्टर सोडवू द्या, आणि प्लेटबरोबर मागचं ऑइल सीलही बदलून घ्या.