३६० चा क्रँक का १८० चा? घरी ट्विन सिलिंडर मॉडेल इंजिन करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात क्रँक (पिस्टनचं वर-खाली होणं गोल फिरण्यात बदलणारा दांडा) म्हणजे काय हे कुणाला शिकवायची गरज नाही, उद्यमनगरात ऑइल इंजिनांवर हात बसलेली माणसं अजून गल्लोगल्ली सापडतात. पण ती इंजिनं बहुतेक सगळी सिंगल सिलिंडर. घरच्या लेथवर दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन करायला घेतलं, दोन्ही सिलिंडर शेजारी-शेजारी उभे, की पहिल्याच दिवशी प्रश्न येतो की क्रँक ३६० चा करू का १८० चा, आणि तिथंच निम्म्या लोकांचा घोळ होतो कारण आकडा अंशात आहे म्हणजे तो फायरिंगचाच, म्हणजे सिलिंडरमधल्या धडाक्यांमधल्या अंतराचाच असणार असं धरून सगळे पुढं जातात.

तो आकडा फक्त क्रँकपिना (कनेक्टिंग रॉड जिथं क्रँकला जोडतात त्या पिना) कुठं बसल्यात ते सांगतो. ३६० मध्ये दोन्ही पिना एकाच बाजूला, एका रेषेत, त्यामुळं दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली. १८० मध्ये पिना समोरासमोर, एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. संपलं. किती अंशांनी धडाका होणार हे त्यात आलंच नाही, ते इंजिन टू स्ट्रोक आहे का फोर स्ट्रोक त्यावर ठरतं.

आता आपल्याकडं या घोळाला राजदूत ३५० पण जबाबदार आहे. १९८३ ला आलेली ती गाडी, दोन सिलिंडर, १८० चा क्रँक, आणि फायरिंग एकदम एकसारखं. म्हणून जुने मेकॅनिक छातीठोकपणे सांगतात की १८० म्हणजे स्मूथ. बरोबरच आहे त्यांचं, पण ती टू स्ट्रोक होती, तिथं पिस्टन वर आला की प्रत्येक वेळी फायर, म्हणून दर १८० अंशाला एक. तोच क्रँक फोर स्ट्रोकमध्ये घातला की सगळं चित्र बदलतं.

फोर स्ट्रोकचा हिशोब असा. एका सिलिंडरला परत फायर व्हायला दोन फेरे लागतात, ७२० अंश. ३६० च्या क्रँकवर दोन्ही पिस्टन वर आले की एक फायर होतो आणि दुसरा त्याच वेळी एक्झॉस्ट संपवून इनटेकला निघालेला असतो, पुढच्या फेऱ्यात दोघांची अदलाबदल. म्हणजे ३६०, ३६०, ३६०, प्रत्येक फेऱ्याला एक, घड्याळासारखं. १८० वर पहिला फायर झाला, अर्ध्या फेऱ्यात दुसरा वर आला तोही फायर झाला, आणि मग पुढचे ५४० अंश, दीड फेरा, कुणीच काही करत नाही, नुसतं फ्लायव्हील ओढत राहतं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कसाही फिरवून बसवा, १८०-५४० च होणार, त्यातून सुटका नाही. तर फोर स्ट्रोक ट्विनमध्ये सम फायरिंग देतो तो ३६० चा क्रँक, आणि विषम देतो तो १८० चा, लोकांच्या डोक्यात असतं त्याच्या बरोबर उलटं.

आवाजावरून ओळखता येतं. १९३७ ची ट्रायम्फ स्पीड ट्विन ३६० ची, त्या काळच्या ब्रिटिश ट्विन बहुतेक तशाच. होंडानं १९६५ ला सीबी ४५० काढली ती १८० ची, आणि आज रस्त्यावर दिसणारी निंजा ३०० पण १८० चीच. रॉयल एनफिल्डच्या ६५० चा क्रँक मात्र २७० चा, फायरिंग २७०-४५०, तिचा आवाज व्ही-ट्विनसारखा लागतो तो त्यामुळं. २७० करायची खुमखुमी असेल तर करा, पण पहिल्या इंजिनाला नको.

अजून एक. १८० म्हटलं की काही जण बॉक्सर म्हणतात (बजाजची बॉक्सर नव्हे, तिला एकच सिलिंडर होता). बॉक्सर ट्विनमध्ये पण पिना १८० वरच असतात पण सिलिंडर एकमेकांकडं पाठ करून आडवे, त्यामुळं दोन्ही पिस्टन एकदम बाहेर आणि एकदम आत, आणि फायरिंग ३६० ला. तो वेगळा प्राणी, आज त्यात शिरत नाही.

आता घरी करणाऱ्याला खरा फरक कुठं पडतो ते. सगळ्यात जास्त इग्निशनमध्ये पडतो आणि त्याचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात, क्रँक कापून झाल्यावर.

३६० ला काम फार सोपं आहे. दोन्ही पिस्टन एकदम टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) येतात, म्हणून फ्लायव्हीलवर एक मॅग्नेट, एक हॉल सेन्सर (मॅग्नेट जवळ आला की सिग्नल देणारा) किंवा साधा पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच), आणि दोन तोंडांची एकच कॉइल. प्रत्येक फेऱ्याला दोन्ही प्लग एकदम उडतात. एका सिलिंडरमध्ये दाबलेलं मिक्स्चर असतं ते पेटतं, दुसऱ्यात एक्झॉस्ट संपत आलेला असतो तिथली ठिणगी वाया जाते, जाऊ दे, काही बिघडत नाही. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी आळीपाळीनं प्लगना वाटणारा) नाही, त्याचा रोटर नाही, गिअर नाही.

हीच कॉइल १८० ला लावायचा मोह होतो, दोन मॅग्नेट समोरासमोर लावले की झालं असं वाटतं. करू नका. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो तेव्हा दुसरा खाली असतो, इनटेक नुकता होत आलाय, आत ताजं मिक्स्चर भरलंय आणि इनटेक व्हॉल्व्ह अजून उघडाच आहे. तिथं ठिणगी पडली की ज्वाळा सरळ मॅनिफोल्डमधून (कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधली नळी) कार्ब्युरेटरकडं. 'जाळ अन् धूर संगटच' हे बोलायला झकास आहे पण कार्ब्युरेटरच्या तोंडातून आणि शेजारी पेट्रोलची टाकी असताना नको. १८० ला दोन वेगळ्या कॉइल आणि दोन वेगळे ट्रिगर पाहिजेत, म्हणजे प्रत्येक प्लग फक्त आपापल्या टीडीसीला उडेल, नाहीतर निम्म्या स्पीडला फिरणारा डिस्ट्रिब्युटर.

आणि डिस्ट्रिब्युटर केला तर पुढचा खड्डा तयार आहे. तो कॅमशाफ्टच्या स्पीडनं फिरतो, म्हणजे क्रँकचे १८० अंश तिथं ९० होतात. पॉइंटच्या कॅमवरचे दोन उंचवटे १८० च्या क्रँकला ९० अंशांवर येतात, मग २७० चं अंतर. ३६० च्या क्रँकला ते समोरासमोर, १८० अंशांवर. वाचून डोकं फिरलं ना? १८० चा क्रँक असेल तर पॉइंटला ९०, ३६० चा असेल तर पॉइंटला १८०, कागदावर लिहून लेथच्या वर चिकटवा. कॅमशाफ्टच्या लोबचंही (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यांचंही) हेच, पहिल्या सिलिंडरचा इनटेक लोब आणि दुसऱ्याचा इनटेक लोब यांच्यात ३६० ला १८० अंश, १८० ला ९० अंश (किंवा दुसऱ्या बाजूनं मोजलं तर २७०). ९० कुठल्या बाजूला ते कॅम कुठल्या दिशेनं फिरतो त्यावर ठरतं, आणि गिअरनं चालवलेला कॅम क्रँकच्या उलटा फिरतो, चेननं चालवलेला त्याच दिशेनं. ३६० ला ही भानगडच नाही कारण १८० कुठूनही मोजा, १८० च.

कार्ब्युरेटरला पण तसंच. एकच कार्ब्युरेटर दोघांना पुरवायचा असेल तर ३६० ला इनटेक आलटून-पालटून, प्रत्येक फेऱ्याला एक ओढ, दोघांना सारखं मिळतं. १८० ला एका सिलिंडरच्या ओढीमागं लगेच दुसऱ्याची ओढ, मधे दोन्ही व्हॉल्व्ह काही अंश एकदम उघडे, मग लांबलचक गॅप. मॅनिफोल्डमध्ये मिक्स्चर एकदा पळायला लागलेलं असतं ते दुसऱ्याला वेगळंच मिळतं, एक प्लग काळा आणि दुसरा पांढरट, आणि सुई कितीही फिरवली तरी दोघं एकदम खूश होत नाहीत. एवढ्या छोट्या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर करून ते एकसारखे लावणं म्हणजे वेगळा प्रोजेक्टच आहे.

मग १८० ला कोण विचारतं? विचारतात, कारण हादरे. आणि इथं १८० ची बाजू खरंच भक्कम आहे.

एक उदाहरण घेऊ. बोअर २२ एमएम, स्ट्रोक २० एमएम, म्हणजे सिलिंडर ७.६ सीसीचा, दोन मिळून १५ च्या थोडं वर. पिस्टन, गजन पिन (पिस्टनला रॉड जोडणारी) आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून वजन धरा १५ ग्रॅम. ५००० आरपीएमला वर-खाली होताना हा १५ ग्रॅमचा ऐवज साधारण ४१ न्यूटनचा झटका देतो, म्हणजे चार किलोच्या थोडा वर. ३६० मध्ये दोघं एकदम, म्हणजे आठ किलोच्या वर, प्रत्येक फेऱ्यात एकदा वर एकदा खाली. सिंगल सिलिंडरच समजा, फक्त दुप्पट पिस्टनचा. काउंटरवेट (क्रँकवर पिनांच्या विरुद्ध बाजूचं वजन) लावून निम्मा झटका उभ्याचा आडवा करता येतो, पूर्ण घालवता येत नाही. १८० मध्ये एकाचा झटका वर तर दुसऱ्याचा खाली, बेरीज शून्य. पण दोघं एका रेषेत नाहीत, मधे समजा २८ एमएम अंतर आहे, म्हणून इंजिन लांबीच्या दिशेनं डुलतं, आठ किलोच्या उडीपेक्षा हे पायाला खूप हलकं जातं. शिवाय फेऱ्याला दोनदा येणारा एक बारीक झटका असतो, कनेक्टिंग रॉड तिरका होतो म्हणून, रॉड ३६ एमएम धरला तर दोन किलोच्या थोडा वर, तो दोन्ही क्रँकना सारखाच येतो, तिथं १८० चा काही फायदा नाही.

पण आरपीएम अर्धा केला की झटका पाव होतो हे विसरू नका. मॉडेल इंजिन आपण स्टँडवर ठेवून पाव्हण्यांना दाखवणार, ते दोन-अडीच हजारावर मजेत चालवायचं, तिथं आठचे दोनच किलो राहतात. आणि दाखवताना सगळ्यांना पाहायचा असतो तो एकदम हळू आयडल, तिथं तर ३६० च पुढं, कारण त्याला प्रत्येक फेऱ्याला धक्का मिळतो. १८० ला दीड फेरा ओढायला जड फ्लायव्हील लागतं, नाहीतर त्या गॅपमध्येच बंद पडतं.

३६० चा एक त्रास मात्र खरा. दोन्ही पिस्टन एकदम खाली आले की क्रँककेसमधली हवा दाबली जाते आणि ऑइलला सीलमधून, गॅस्केटमधून, मिळेल तिथून बाहेर काढते. ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) पाहिजेच, चांगला मोठा, जमलं तर छोट्या बॉलच्या एकतर्फी व्हॉल्व्हसकट. १८० ला एक खाली जातो तेव्हा दुसरा वर, आतली जागा जवळपास तेवढीच राहते, ऑइल जिथल्या तिथं.

कापायचं म्हणाल तर ईएन ८ स्टीलचा बार चालतो, ईएन १९ मिळाला तर अजून चांगला. ३६० ला दोन्ही पिना एकाच ऑफसेट सेंटरवर, एकदा सेटिंग लावलं की दोन्ही त्याच सेटिंगवर टर्न होतात, एका रेषेत येणार याची काळजी नाही. १८० ला बारच्या दोन्ही टोकांना समोरासमोरचे ऑफसेट सेंटर, दोन सेटिंग, आणि दोन्हीकडचं थ्रो (पिन मधल्या सेंटरपासून किती लांब ते) अगदी सारखं यायला पाहिजे नाहीतर एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन दुसऱ्यापेक्षा वेगळं. व्ही ब्लॉकवर आणि डायलवर नीट मार्किंग केलं तर अवघड नाही, वेळ जास्त जातो एवढंच. एक पिन टर्न करताना दुसऱ्या गाळ्यात पॅकिंग घालायला विसरू नका, सेंटरच्या दाबानं क्रँक वाकतो, हे दोन्ही प्रकारांना लागू. ३६० ला काउंटरवेट जड पाहिजे, त्यासाठी एकतर जाड बार घ्या नाहीतर पितळेचे तुकडे स्क्रूनं लावा. १८० ला पिना एकमेकींना तोलतात, त्यामुळं वेब (पिनेला दोन्ही बाजूंनी धरणारे क्रँकचे भाग) बारीक ठेवले तरी चालतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या ट्विनला डोळे झाकून ३६०. एक कार्ब्युरेटर, एक कॉइल, एक मॅग्नेट, कॅमचा गोंधळ नाही, आणि चालू होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण बंद पडलेल्या घरगुती इंजिनात दोष बहुतेक वेळा स्पार्कच्या टायमिंगचा नाहीतर मिक्स्चरचा निघतो आणि ३६० या दोन्हीकडची गुंतागुंत कमी करतो. हादऱ्याला स्टँड जड घ्या, शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला कुणी ओळखीचा फाउंड्रीवाला असेल तर बिडाचा एखादा रिजेक्ट तुकडा बेसला मिळून जाईल.

१८० घ्यायचा तो एकाच कारणानं, पुढं चार सिलिंडर करायचं डोक्यात असेल तर. इनलाइन फोरचा क्रँक म्हणजे १८० चे दोन क्रँक आरशात बघितल्यासारखे एकमेकांना जोडलेले, १ आणि ४ वर तेव्हा २ आणि ३ खाली. आरशातल्या जोडीमुळं डुलणं एकमेकांत मिटतं, आणि फायरिंग १-३-४-२ असं दर १८० अंशाला सम येतं, ट्विनमध्ये जो विषमपणा होता तो गायब. ट्विनवर समोरासमोरचे ऑफसेट सेंटर आणि ९० अंशांचा कॅम जमला की चारला तेच लांब करायचं. फक्त मग ट्विनला सुरुवातीपासूनच दोन कॉइल धरा, आणि क्रँकला हात लावायच्या आधी कॅम गिअरनं चालवणार का चेननं ते ड्रॉइंगवर ठरवून टाका.