नाणे लपवताना मनात काय असावे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नाणे उजव्या हातातून डाव्यात दिल्याचे भासवायचे आणि उजव्यातच राखायचे, त्या अर्ध्या सेकंदात करणाऱ्याने मनात काय धरावे यावर हातचलाखीवाल्यांचे अजून एकमत नाही. युक्त्या फोडून सांगणारे इंग्रजी पुस्तक १५८४ मध्येच छापले गेले. मनःस्थितीचा प्रश्न मात्र नीट मांडला तो १८६८ मध्ये एका फ्रेंच घड्याळजी-जादूगाराने: जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट.

या वाक्यातून दोन पंथ निघाले. एक म्हणतो, नाणे डाव्या हातात गेले असे स्वतःच माना, शरीर आपोआप खरे वागेल. दुसरा म्हणतो, मानण्याचे सोडा, खरी कृती कशी दिसते ते हाताला शिकवा. पहिला सल्ला ऐकायला सुंदर आहे, पण नवशिक्यांचे नुकसान त्यानेच जास्त होते. मन डाव्या मुठीत गुंतते आणि उजवा हात बेवारस राहतो. अंगठा ताठरतो, बोटे चिकटतात, हात हवेत अडकून पडतो. डावी मूठही गरजेपेक्षा घट्ट आवळली जाते. १० रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर रुंद असते. ते खरोखर आत असेल तर बोटे पूर्ण मिटत नाहीत, आणि समोर हातभर अंतरावर बसलेल्याला हा फरक दिसतो.

म्हणून आधी सलग दहा वेळा नाणे खरेच द्यावे, अकराव्या वेळी खोटे. चित्रीकरण करून दोन्ही शेजारी लावून पाहावे. नाणे मधल्या दोन बोटांच्या मुळाशी धरावे. बोटे नैसर्गिक वाकली की ते टिकते, अंगठा लागत नाही. नजर मुठीबरोबर जावी, मग प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर. तेवढ्यात उजवा हात टेबलाच्या काठावर सैल टेकवावा. मूठ लगेच उघडली तर प्रेक्षकाला नुकतीच झालेली देवघेव आठवते. मध्ये एखादा प्रश्न विचारला की ती मागे पडते. हे शास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माद्रिदच्या जादूगारांनी फार बारकाईने बांधले.

प्रयोगशाळेचे पुरावे अलीकडचे. २००६ च्या ब्रिटिश प्रयोगात चेंडू दोनदा खरा उडवला, तिसऱ्यांदा फक्त हात हलवला. करणाऱ्याची नजर वर गेली तेव्हा ६८ टक्के लोकांना न उडवलेला चेंडू वर जाताना ‘दिसला’. नजर हातावरच राहिली तेव्हा ३२ टक्क्यांना. २०११ चा अभ्यास तर वादाच्या मुळाशीच जातो. वस्तू उचलल्याची नक्कल जादूगारांना खऱ्यासारखी जमली, पण खरी वस्तू शेजारी दिसत असेल तेव्हाच. नुसती कल्पना करायला लावल्यावर तेही सामान्य माणसांसारखेच चुकले. ‘मनापासून माना’ म्हणणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल. टेबलावरून नाणे उचलल्याचे भासवण्याचा सराव करताना तसेच दुसरे नाणे नजरेसमोर ठेवावे. बोटांमधले अंतर त्यावरूनच बरोबर बसते.