दिव्यांग मुलाचा शाळाप्रवेश आणि प्रमाणपत्र : सोलापुरात अर्ज नेमका कुठे अडतो

दर जूनमध्ये आईबाप विचारतात, “सर्टिफिकेट अजून आलं नाही, मग यंदा शाळेत घालायचं का पुढच्या वर्षी बघायचं?” यंदाच घाला. शाळेत नाव दाखल करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. शाळा महापालिकेची असो, जिल्हा परिषदेची असो की अनुदानित खासगी, दिव्यांग आहे म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आणि 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही तुमच्या बाजूने आहेत. प्रवेशाआधी मुलाची चाचणी घेणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी 25 हजार आणि पुढे दर वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रमाणपत्र लागतं ते वेगळ्या कामांना: खासगी शाळांमधल्या आरटीईच्या (म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागा, शिष्यवृत्ती, भत्ते, साहित्य. हे दोन रस्ते लोक एक समजतात आणि मूल वर्षभर घरी बसतं. काही मुख्याध्यापकही “आधी कार्ड आणा” म्हणून वाटेला लावतात. तिथे वाद घालू नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नकार असेल तर त्याचं कारण कागदावर मागा. कागद मागितला की बहुतेक वेळा सूर बदलतो.

कार्डाचा अर्ज

प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचं ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड, दोन्हींचा अर्ज एकच: ऑनलाइन, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, तोही मोफत. फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा, झालं. ई-सेवा केंद्रवाला भरून देण्याचे पैसे घेईल, ते त्याच्या कामाचे. पण मोबाइल नंबर तुमचाच घाला. केंद्रवाल्याच्या नंबरवर भरलेले अर्ज मी इतके पाहिलेत की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. तपासणीचा निरोप त्याच्या फोनवर येतो आणि तो पुसून टाकतो. अर्जाचा एनरोलमेंट नंबर कागदावर लिहून घरी ठेवा.

आपल्याकडची खास अडचण आधारची. बाळंतपण माहेरी, आणि माहेर विजयपूर, इंडी नाहीतर कलबुर्गीकडचं. आधार तिथेच काढलेलं, पत्ता कर्नाटकातला. मग अर्जात जिल्हाही तिकडचाच येतो. नियमाप्रमाणे राहत्या जिल्ह्यातलं किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथलं रुग्णालय निवडता येतं, पण पुढे शाळेत, आरटीईत तोच पत्ता पुन्हा आडवा येतो. म्हणून पहिलं काम आधारचा पत्ता बदलण्याचं. त्याच खेपेला पाच वर्षांनंतरचं बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं अपडेट करून घ्या. पाच ते सात या वयात ते मोफत आहे. हात आखडलेले असतील, बोटं उघडत नसतील, तर आधारमध्ये त्यासाठी अपवादाची सोय आहे. केंद्रावरच्या पोराला ती ठाऊक नसेल, तर त्याच्या वरिष्ठाला विचारा. “होत नाही” ऐकून परत फिरू नका.

नावाचंही बघा. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरी आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरी असतात. एका अक्षरावरून त्रुटी निघते. कार्ड निघण्याआधी तिन्ही सारखी करा; निघाल्यावर दुरुस्तीचा फेरा मोठा.

तपासणीचा दिवस

शहरात बहुतेकांना छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिलच गाठावं लागतं. कोणत्या प्रकारची तपासणी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जा. विड्या वळणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी जाते, यंत्रमागावरच्या बापाचा खाडा पडतो. “आज डॉक्टर नाहीत” ऐकायला करमाळ्याहून कुणी येऊ नये.

कुणाकडेच नसतो असा कागद म्हणजे जन्मावेळचं डिस्चार्ज कार्ड. बाळ उशिरा रडलं, काचेत ठेवलं होतं, झटके आले, हे सगळं त्यावर असतं, आणि नेमकं तेच घर बदलताना हरवलेलं असतं. त्या दवाखान्यात जाऊन जुन्या नोंदीची नक्कल मागा. ऐकू न येणाऱ्या लहान मुलाचा बेरा (श्रवणाची तपासणी) रिपोर्ट, झटक्यांच्या मुलाचा ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख), चालू गोळ्यांचे केसपेपर, हे सगळं तारखेनुसार लावून एका फाइलीत न्या. काही नसेल तरी जा. कागद नाहीत म्हणून तपासणीच टाळता येत नाही.

बौद्धिक अक्षमता असेल तर आयक्यू चाचणीबरोबर आईशी बोलणं होतं: मूल स्वतः जेवतं का, बटणं लावतं का, रस्ता ओलांडतं का. इथे भल्याभल्या आया फसतात. चारचौघांत लेकराचं कमी कसं सांगायचं, म्हणून “सगळं करतो हो” म्हणून मोकळ्या होतात. सगळं करतो, पण शेजारी बसून तुम्ही करून घेता तेव्हा. तो एकटा काय करतो, एवढंच विचारलेलं असतं. वाढवून सांगू नका आणि झाकूनही ठेवू नका. दिव्यांगत्वाची टक्केवारी याच उत्तरांवर ठरते आणि 40 च्या खाली गेली की आरटीईची सवलत नाही.

भाषेचंही सांगून ठेवा. घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणाऱ्या मुलाला मराठीत प्रश्न विचारले तर ते गप्प बसतं आणि ते गप्प बसणं गुणांत मोजलं जातं. चाचणी सुरू होण्याआधीच “घरी ही भाषा बोलतो” हे सायकॉलॉजिस्टना सांगा. मूल ज्याच्याशी मोकळं बोलतं तो माणूस सोबत न्या, आजी असली तर आजी.

वयाचे सापळे

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ‘बौद्धिक अक्षमता’ असं लिहून मिळत नाही. विकासातला विलंब लिहितात, प्रमाणपत्र तात्पुरतं असतं आणि त्याची मुदत फार तर पाचव्या वाढदिवसापर्यंत. पहिलीचा प्रवेश सहाव्या वर्षी. म्हणजे तिसऱ्या वर्षी धावपळ करून ज्यांनी कागद मिळवला, त्यांच्या हातात ऐन गरजेच्या वेळी संपलेला कागद असतो. नियम करणाऱ्यांनी या दोन वयांचा मेळ का घातला नाही, देव जाणे. तुमच्या प्रमाणपत्रावरची ‘पर्यंत वैध’ ही तारीख आत्ता बघा आणि ती संपायची वाट न पाहता नूतनीकरणाला लागा.

अध्ययन अक्षमतेचं उलट आहे. वाचताना अक्षरं उलटी दिसतात, गणित जमत नाही, या मुलांना आठ वर्षं पूर्ण होण्याआधी प्रमाणपत्रच मिळत नाही. पहिलीतल्या मुलाला परत पाठवलं तर तो नकार समजू नका, वयाची अट आहे. तिसरीत वर्गशिक्षकांनी प्राथमिक चाळणी करायची असते. ते करत नसतील तर आठवण द्या.

प्रमाणपत्र किती दिवसांत द्यायचं, ती मुदत 2024 च्या सुधारित नियमांनी एका महिन्याची तीन महिने केली. त्यात पुढची तारीख, डॉक्टरांची बदली, पोर्टल बंद हे सगळं धरा. म्हणून जूनच्या प्रवेशासाठी अर्ज आदल्या दिवाळीत गेला पाहिजे.

आरटीईच्या 25 टक्के जागा

विनाअनुदानित खासगी शाळांमधल्या या जागांसाठी दिव्यांग मूल वंचित घटकात धरलं जातं, त्यामुळे एक लाखाच्या उत्पन्नाची अट त्याला नाही. तरीही लोक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूच्या रांगेत उभे राहतात आणि तेवढ्यात फॉर्मची मुदत संपते. हवं ते 40 टक्के किंवा त्यापुढचं प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि राहण्याचा पुरावा.

अर्ज सर्वांत जास्त उडतात ते पुराव्यावर. भाड्याने राहत असाल तर करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला चालत नाही. घरमालक नोंदणीला तयार होत नाहीत, त्यांना घरपट्टीची भीती वाटते. त्यांची समजूत काढायला वेळ लागतो, तो हाताशी ठेवा. दुसरी चूक तारखेची. कागद अर्जाच्या शेवटच्या तारखेपूर्वीचे लागतात. लॉटरीत नाव आल्यावर पडताळणीला जाताना काढू, असं धरून चालणाऱ्यांची जागा हातची जाते. नकाशावर घराची खूणही स्वतः तपासा. अंतर त्यावरून मोजतात आणि ती एकदा चुकली की जवळची शाळा लांबची होते. लॉटरीनंतर मेसेजवर विसंबू नका, पोर्टलवर स्वतः बघा.

प्रवेश झाल्यावर

शाळेत जाऊन एकच विचारा: “यू-डायसमध्ये माझ्या मुलाची नोंद दिव्यांग म्हणून, प्रकारासह झाली का?” यू-डायस म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद. ही नोंद नसेल तर समग्र शिक्षा योजनेतला प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, उपकरणं, मुलींना महिन्याला 200 रुपयांप्रमाणे दहा महिने मिळणारं विद्यावेतन, यातलं काहीच येत नाही, आणि का येत नाही हे कुणी सांगतही नाही. बँक खातं मुलाच्या नावाचं, आधारला जोडलेलं हवं.

शिष्यवृत्तीच्या नावाने सायबर कॅफेत राष्ट्रीय पोर्टलचा फॉर्म भरून घेतात. केंद्राची ती प्री-मॅट्रिक योजना नववी-दहावीची आहे, तिसरीतल्या मुलाचा अर्ज तिथे बादच होणार. पहिलीपासूनच्या मुलांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज शाळेमार्फत जातो.

मूल उठून शाळेत जाऊच शकत नसेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिलेला आहे. तो निवडायचा की नाही हे पालकांनी ठरवायचं. रॅम्प नाही म्हणून शाळा तुमच्यावर तो लादत असेल तर मान्य करू नका.

नकार आला तर

प्रमाणपत्र नाकारलं किंवा टक्केवारी पटली नाही, तर कारण लेखी मागा. निर्णयापासून 90 दिवसांत अपील करता येतं आणि अल्पवयीन मुलाच्या वतीने पालकच ते करतात. त्याच रुग्णालयात पुन्हा नवा अर्ज टाकत बसलात तर हे 90 दिवस निघून जातात. शाळेविरुद्धची तक्रार ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांच्याकडे जाताना शाळेची ती पोच आणि नकाराचा कागद जोडा. तोंडी नकारावर तिथे काही चालत नाही.