टकरला रिव्हर्स गिअर नव्हता म्हणे!

टकर 48 या 1940 च्या दशकातल्या अमेरिकन गाडीचा फोटो दिसला की कोणीतरी टाकतंच, "रिव्हर्सच नव्हता हो, फसवाफसवी सगळी". अरे बाबा, ते फक्त 1947 ला शिकागोत दाखवलेल्या पहिल्या घाईघाईच्या प्रोटोटाइपचं, नंतर बनलेल्या 50 गाड्यांना रिव्हर्स होता की! पण रेडिओवर एकदा बोंब झाली आणि तीच चिकटली. गाडी काढणाऱ्या प्रेस्टन टकरवर फसवणुकीचा खटलाही झाला, 1950 ला निर्दोष सुटला, तोवर कारखाना बंद. गाडी मात्र भारी: मागे हेलिकॉप्टरचं इंजिन, मधला तिसरा दिवा स्टिअरिंगबरोबर वळणारा, अंधाऱ्या वळणावर आधी दिवा वळतो मग गाडी, मला तर तेवढ्यासाठीच आवडते. 2012 ला रिस्टोअर केलेली एक 29 लाख डॉलरला गेली.