खडखडणारा पंप आणि भोवऱ्यांचं गणित

उन्हाळ्यात विहिरी खोल गेल्या की खानापूर-निपाणीकडच्या शिवारात मोटारीचा आवाज बदलतो. कुणी पंपात खडे टाकावेत तशी खडखड. ‘हवा धरली’ म्हणून आपण फूटव्हॉल्व्ह तपासतो, पण पुष्कळदा ती बाहेरची हवा नसतेच. ओढीच्या बाजूला दाब इतका उतरतो की गार पाणीच उकळतं. वाफेचे बुडबुडे पुढे इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यांच्या चाकात, दाब वाढताच मिटतात आणि धातू कुरतडतात. हेच कॅव्हिटेशन. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, त्यामुळे इथल्या हवेचा दाब पाण्याला समुद्रकाठासारखा 10.3 नव्हे, जेमतेम साडेनऊ मीटर पेलतो. कोकणात बिनतक्रार चालणारी ओढ इथं म्हणूनच महागात पडू शकते.

या दुखण्याचं गणित दोन वाटांनी आलं आणि दोन्हींच्या सुरुवातीला ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स आहेत. अरुंद केलेल्या नळीतून वाहणारं साधं पाणी उकळतं, हे त्यांनी 1894 साली दाखवलं. पुढच्याच वर्षी खळाळत्या प्रवाहाची सरासरी काढणारी समीकरणं मांडली. मग वाटा फुटल्या. रॅले यांनी 1917 मध्ये एकट्या बुडबुड्याचं मिटणं सोडवलं. दुसरीकडे भोवरे म्हणजे पाण्याला आलेला जादा चिकटपणा, ही बूसिनेस्क यांची 1877 ची कल्पना 1970 च्या दशकातल्या के-एप्सिलॉन मॉडेलपर्यंत (संगणकावर खळाळता प्रवाह मोजायच्या समीकरणांपर्यंत) पोचली.

दोन्ही एकत्र आणल्यावर खरी अडचण दिसली. ही मॉडेलं एकसारख्या घनतेच्या पाण्यासाठी घडवलेली. पाणी-वाफेच्या मिश्रणात ती चिकटपणा फार जास्त धरतात. प्रयोगात वाफेच्या पोकळीखालून पाण्याची धार उलटी घुसते, पोकळीचा लचका तोडते आणि बुडबुड्यांचा ढग सुटतो. संगणकावर मात्र ती धार वाटेतच मरायची आणि पोकळी पात्याला शांत चिकटून राहायची. झीज त्या तुटण्यातूनच होते, म्हणून ही चूक मला फार मोठी वाटते.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या रेबू आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मिश्रणाच्या भागात तो चिकटपणा मुद्दाम घटवला, आणि पोकळी तुटू लागली. ही घट किती, ते ठरवणाऱ्या सूत्रातला घातांक बहुतेक जण 10 घेतात; तो तत्त्वातून निघालेला नाही, प्रयोगाशी जुळवलेला आहे. स्मागोरिन्स्की यांनी 1963 मध्ये हवामानासाठी मांडलेल्या मार्गाने मोठे भोवरे थेट सोडवता येतात, पण मग एका पंपासाठी संगणक दिवसेंदिवस चालवावा लागतो.