खाडीतला पावसाळा आणि समुद्रातला पावसाळा: प्राणिप्लवकांविषयी होणारी गल्लत

म्हादई नदीचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचा विषय निघाला की खानापूर-बेळगाव भागात दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे की म्हादईचे पाणी समुद्राला मिळून वाया जाते. दुसरे असे की ते पाणी अडवले तर गोव्याच्या समुद्रातील सूक्ष्म जीव संपतील आणि त्यांच्यामागोमाग बांगडाही संपेल. दोन्ही पक्ष खाडी आणि किनाऱ्यालगतचा समुद्र यांना एकच समजून बोलतात, आणि शिकलेली माणसेही त्याच चुकीची री ओढतात, याचा आता कंटाळा आला आहे.

प्राणिप्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारे प्राणी, हे सांगण्यात जागा घालवण्याचे कारण नाही. त्यांत कोपेपॉड हे बारीक कवचधारी सहसा सर्वाधिक असतात. आपण बाजारातून सुका आणतो तो जवळाही प्राणिप्लवकांतच मोडतो. खाडी उथळ आणि समुद्र खोल, हा फरक तर डोळ्यांनाच दिसतो.

खाडीत सत्ता चालते ती क्षारतेची. समुद्राच्या पाण्यात दर हजारी सुमारे 35 भाग क्षार असतात आणि मे महिन्यात पणजीजवळ मांडवीच्या मुखाशी जवळपास तेवढीच क्षारता आढळते. जुलैत मात्र म्हादईचा (गोव्यात हीच नदी मांडवी म्हणवते) लोंढा उतरला की खाडीचा वरचा भाग गोडा होतो. शरीरातील क्षारांचा तोल ज्यांना सांभाळता येत नाही ते जीव मरतात किंवा बाहेर ढकलले जातात, गोड्या पाण्यातील रोटिफर हे सूक्ष्म प्राणी खाली वाहत येतात, आणि अकार्शियासारखे काटक कोपेपॉड कसेबसे टिकून राहतात. नदी पोषकद्रव्ये आणते हे खरे, पण गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही आणि लोंढ्याचा वेग प्रजननाच्या वेगाला मागे टाकतो. थोडक्यात, खाडीत पाऊस चाळणीचे काम करतो.

समुद्रात त्याच महिन्यांत घडते ते निराळ्याच कारणाने. नैऋत्य मोसमी काळात किनाऱ्यालगत वाऱ्याला उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा ओघ असतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याच्या जागी खालचे थंड, नायट्रेटने समृद्ध पाणी वर चढते. हे चढणे केरळच्या बाजूला आधी सुरू होते आणि उत्तरेकडे सरकत कारवार-गोव्यापर्यंत येते. या पाण्यावर वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, काही दिवसांत वाढतात, तर त्यांना खाणारे कोपेपॉड त्यांच्या मागून, एका पिढीला लागणाऱ्या वेळाने. पेनिलिया हा क्लॅडोसेरा (पाणपिसवांच्या) गटातील जीव नराविनाही प्रजनन करतो, म्हणून त्याचे थवे अल्पावधीत दाटतात. म्हादईच्या उगमाकडे, देगावच्या डोंगरात किती पाऊस झाला, याच्याशी या थव्यांचा संबंध अगदीच दूरचा आहे. नद्यांची पोषकद्रव्ये मुखासमोरच्या पट्ट्यात उपयोगी पडतात, हे मी नाकारत नाही. त्यांना साऱ्या किनाऱ्याचे श्रेय देणे मात्र मला मान्य नाही.

गल्लत इतकी चिवट का, याचे उत्तर पाण्याच्या थरांत आहे. पावसाचे आणि नद्यांचे हलके, कोमट पाणी काही मीटर जाडीच्या थरात समुद्रावर पसरते आणि वर चढलेले थंड, खारे पाणी त्याच्याखाली झाकले जाते. होडीवरून बादली टाकून नमुना घेणाऱ्याला क्षारता उतरलेली आणि जीव वाढलेले दिसतात, आणि तो एकाला दुसऱ्याचे कारण ठरवून मोकळा होतो. शिवाय खालून आलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. गोव्यासमोर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तळाजवळ तो जवळजवळ संपतो. दिवसा खोल जाऊन भक्षकांपासून लपणाऱ्या अनेक जीवांना तेव्हा खाली जागा उरत नाही आणि ते वरच्या थरात कोंडले जातात. तिथे दिसणारी गर्दी ही पैदास वाढल्यामुळे आहे की आसरा आक्रसल्यामुळे, हे केवळ मोजणीवरून कळत नाही.

म्हणूनच तळापासून पृष्ठभागापर्यंत एकाच दमात जाळे ओढून काढलेल्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. ते दोन्ही थर एकत्र कालवून टाकतात. ठरावीक खोलीवर उघडणारी आणि मिटणारी जाळी वापरली, आणि प्रत्येक थरातील तापमान, क्षारता व प्राणवायू सोबत नोंदवला, तरच कोणता जीव कशामुळे कुठे आहे, हे ठरवता येते.